दोन चुली, एक संसार: टिळक पती-पत्नींचं प्रकरण (१८९५ ते १९००)

लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यावर अंगठीने बायकोचं नवं नाव काढायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजे घरातली मनू, लग्न होऊन लक्ष्मी झाली. वय वर्षं अकरा. नवरा नारायण वामन टिळक, कोकणातल्या करजगावचा, तिच्याहून सात वर्षांनी मोठा. तिचं नाव गेलं, आडनाव गेलं, घर सुटलं. याला कोणी 'नवऱ्यासाठी बदलणं' म्हटलं नाही. मुलीने बदलायचं असतंच, त्यात विचारायचं काय?

पंधरा वर्षांनी याच जोडप्यापुढे असा बदल येऊन उभा राहिला, ज्याच्यासाठी तांदळाचं ताट नव्हतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको तिथे नव्हती. हा निर्णय तिला विचारून झालेला नव्हता. ती हिंदू, कोकणस्थ ब्राह्मण, कडक सोवळ्यात वाढलेली आणि पदरी लहानगा मुलगा दत्तू. पाच वर्षांनी, १९०० साली, तिनेही बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात या दोघांनी काय केलं, काय केलं नाही, एवढंच मी इथे प्रकरण म्हणून मांडते आहे.

हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे कवी, 'फुलांचे आणि मुलांचे कवी' म्हणून शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला भेटलेले रेव्हरंड टिळक. त्यांच्या संसाराची हकिकत आपल्याला कळते ती मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनातून. ते १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आलं. म्हणजे घटनेनंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी, नवरा गेल्यावर, एका विनोदी बाईने सांगितलेली ही गोष्ट आहे. एवढ्या अंतराने दुःखाची धार बोथट होते आणि हसू वर तरंगतं, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं. टिळकांची बाजू तिच्याच तोंडून ऐकू येते, ही दुसरी मर्यादा.

हे प्रकरण निवडायचं कारण सांगते. लग्न ठरलेली किंवा नव्याने प्रेमात पडलेली माणसं 'माझ्यासाठी बदलशील का?' विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा विषय मटण, सिगरेट, मित्रमंडळी, नोकरीचं गाव असा असतो. अशा मध्यम आकाराच्या गोष्टींत रेषा नीट दिसत नाहीत. तडजोड कुठे संपते आणि मोडून पडणं कुठे सुरू होतं, कळत नाही. टिळकांच्या घरात मागणी इतकी मोठी होती की रेषा लांबूनही दिसतात.

सोवळं म्हणजे काय होतं

लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. वेड हा शब्द मी जपून वापरते, पण दुसरा सापडत नाही. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही, मीठसुद्धा. मीठ धुवायचं म्हणजे त्यातलं किती वाहून जात असेल! या घरात मनू वाढली. घरातल्या बायकांचा दिवस धुण्यात, भरण्यात, वाळवण्यात आणि शिवाशिव झाली म्हणून पुन्हा धुण्यात जात असणार.

आज आपण 'धर्म बदलणं' म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे कागद येतो, नोंद येते, फार तर देवघर येतं. त्या काळच्या ब्राह्मण बाईसाठी धर्म म्हणजे आधी पाणी. कोणी भरलेलं, कोणाचा हात लागलेलं, कुठल्या घागरीतलं. मन एका रात्रीत वळू शकतं, पण पंचवीस वर्षं ज्या पाण्याला शिवायचं नाही असं अंगात मुरलेलं असतं ते पाणी घशाखाली उतरत नाही. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जोडीदाराला 'एवढं काय त्यात?' असं आपण म्हणतो, तेव्हा तो बदल आपल्या डोक्यात असतो. त्याच्या बाबतीत मात्र तो पोटात, हातात, झोपेत असतो. मटण न खाणाऱ्या मुलीला सासरच्या स्वयंपाकघरातला वास सहन होत नाही, ते तिचं मत नसतं.

टिळक याच्या अगदी उलट. घर त्यांना धरून ठेवू शकत नसे. न सांगता उठून जायचे, गावं बदलायची, नोकऱ्या बदलायच्या. संस्कृतचा व्यासंग मोठा, कविता हातची, राग नाकावर आणि खिसा फाटका. दिसेल त्याला देऊन टाकायचं. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख त्यांनीच करून दिली, तीही त्यांच्या लहरीने, चार दिवस शिकवणी आणि मग खंड. नागपुरात बुटींच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथांचं काम केलं. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. भाकीत जवळजवळ तारखेबरहुकूम खरं झालं.

तेव्हाच्या समाजात याची किंमत काय होती, ते समजायला एक प्रसंग पुरे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्यांत होते. त्या कपभर चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीतलं बहिष्काराचं भांडण, माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. चहाला ही शिक्षा. नारायणरावांनी तर बाप्तिस्मा घेतला होता.

दोघांपुढचे रस्ते

प्रकरण अभ्यासात माणसांनी काय केलं याइतकंच काय करता आलं असतं हे पाहावं लागतं. टिळकांकडे १८९५ साली निदान चार रस्ते होते आणि त्यांतल्या तिघांना कायद्याचं बळ होतं.

पहिला रस्ता कोर्टाचा. नांदायला न येणाऱ्या बायकोवर नवरा दावा लावू शकत असे. मुंबईतला रखमाबाईंचा खटला तेव्हा ताजा होता. १८८४ साली दावा लागला आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली तेव्हा कुठे त्या सुटल्या. हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं.

दुसरा रस्ता लोकांना आज फारसा माहीत नसतो. १८६६ साली खास ख्रिस्ती झालेल्या माणसांसाठी एक कायदा झाला होता. धर्म बदलला म्हणून जोडीदाराने सलग सहा महिने सोडून दिलं, तर धर्मांतरिताला न्यायालयात जाता येई. न्यायालय दोघांची भेट घडवी, नकार आला तर वर्षभर थांबे, पुन्हा विचारी, पुन्हा नकार आला तर लग्न मोडे आणि दोघांना दुसरं लग्न करायची मोकळीक मिळे. टिळकांची परिस्थिती या कायद्यात जणू मापाने बसत होती. दोन वर्षांत ते मोकळे होऊ शकले असते.

तिसरा रस्ता मुलाचा. बाप हाच कायद्याने पालक. तो दत्तूला घेऊन गेला असता तर माहेरच्यांना फारसं काही करता आलं नसतं, आणि मुलापाठोपाठ आई आली असती. बाईला आणायचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग.

चौथा रस्ता वाट पाहायचा. तो टिळकांनी घेतला. गंमत अशी की आयुष्यात कशाचीच वाट न पाहिलेला हा माणूस याच एका बाबतीत थांबला. त्यांनी पत्रं पाठवली, भेटी घेतल्या, आर्जवं केली, रागावले. शांतपणे बसून राहिले असं मुळीच नाही. त्यांचं ते आर्जवही एक दडपणच होतं, हे मी झाकून ठेवणार नाही. पण ज्या हत्यारांनी प्रश्न निकालात निघाला असता, ती त्यांनी उचलली नाहीत.

लक्ष्मीबाईंपुढे तीन रस्ते होते. माहेरच्या आधाराने राहायचं, नवऱ्याकडे जाऊन ख्रिस्ती व्हायचं, किंवा जायचं पण ख्रिस्ती व्हायचं नाही. तिसरा रस्ता १८९५ मध्ये कोणाच्याही कल्पनेत नव्हता. तो नंतर चालून चालून तयार झाला.

सुरुवातीला त्या पहिल्या रस्त्याने गेल्या. बहीण भिकुताई आणि तिच्या यजमानांचा मोठा आधार होता. काही काळ पंढरपुरात काढला. नवरा जिवंत आहे, हवाहवासा आहे, पण जातीबाहेर आहे, असं हे विचित्र सौभाग्य. या दिवसांत त्यांना कविता सुचू लागली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई दुःख ओव्यांत घालू लागली. लेखिका लक्ष्मीबाईंचा जन्म इथला, असं मानायला हरकत नाही. विरहाने कवी होतात वगैरे म्हणायचा मोह मी टाळते. त्यांच्यावर आलेले ते दिवस कोणावर येऊ नयेत.

तिसरा रस्ता

काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला गेल्या. ख्रिस्ती व्हायला गेल्या नाहीत, नवऱ्याकडे गेल्या. आपला धर्म, आपलं सोवळं, आपलं अन्नपाणी वेगळं ठेवून राहायचं, असा तो करार होता, आणि टिळकांनी तो मानला.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. घरात ते कसं दिसलं असेल, याचा विचार करा. अमेरिकन मराठी मिशनच्या वस्तीत राहणारा, उपदेशकाचं काम करणारा नवीन ख्रिस्ती माणूस. आजूबाजूला मिशनरी, शेजारी जातिभेद सोडून आलेली मंडळी. आणि त्याच्याच घरात त्याची बायको त्याच्या हातचं पाणी पीत नाही. लोक काय म्हणत असतील? 'स्वतःच्या बायकोला पटवता आलं नाही, हा आम्हाला काय सांगणार?' दोन चुली म्हणजे दुप्पट सरपण, दुप्पट भांडी, तुटपुंज्या पगारात. प्रेमासाठी कोणी किती बदलायचं याचा हिशेब मांडताना हा खर्चही धरायला हवा. बायको न बदलता राहू शकली, कारण नवऱ्याने त्याची लाज सोसली.

आणि तिने काय सोसलं? परतीचा रस्ता. एकदा ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात राहायला गेल्यावर, पाणी वेगळं भरलं काय आणि एकच भरलं काय, माहेरच्या पंगतीत पूर्वीसारखं पान मांडलं जाणं अवघड. म्हणजे धर्म न बदलताच धर्म बदलल्याची निम्मी शिक्षा तिने पत्करली. माझ्या मते या प्रकरणात प्रेमासाठी केलेला बदल म्हणावा तर हा. तिने जागा बदलली. श्रद्धा तिने जिथल्या तिथे ठेवली.

मन बदललं ते पुढे, राहुरीत. लक्ष्मीबाई सांगतात त्या क्रमाकडे लक्ष द्यावं. आधी येशू पटला आणि मग जात सुटली, असं झालं नाही. आधी जात सुटली. ख्रिस्ती, मुसलमान, महार-मांग अशा सगळ्यांचा वावर रोज डोळ्यांसमोर. एके दिवशी त्यांचा स्वतःशीच विचार चालू झाला की हे भेद देवाने केले असते तर ते माणसाच्या अंगावर दिसले नसते का? जनावरांचे दिसतात, माणसांचे दिसत नाहीत. मग हे माणसांनीच केले. ठरलं. आजपासून कोणाच्याही हातचं खायचं आणि प्यायचं. मीठ धुणाऱ्या बापाच्या मुलीने हा निर्णय एकटीने, एका तर्काच्या जोरावर घेतला. बाप्तिस्मा त्यानंतर आला.

आता यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणजे पतीवरच्या प्रेमापोटी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या. पुराणातल्या पतिव्रतेची गोष्ट नव्या कपड्यात. हे मत पुस्तकातल्या पुराव्यापुढे टिकत नाही. नुसतं पतिप्रेमच असतं तर १८९५ मध्येच झाल्या असत्या. पाच वर्षं रडून काढायची गरज नव्हती. दुसरं मत म्हणजे त्यांनी स्वतंत्रपणे, कोणाच्याही प्रभावाखाली न येता निर्णय घेतला. हेही मला पुरतं पटत नाही. टिळक नसते तर त्या राहुरीला कशाला गेल्या असत्या? ज्या माणसांच्या हातचं पाणी प्यायचं की नाही हा प्रश्न पडला, ती माणसं त्यांच्या आयुष्यात नवऱ्यामुळेच आली. शिवाय एकत्र राहण्याची ओढ विचाराला एका बाजूला ढकलत असणारच. माणूस तराजू घेऊन बसला तरी मन एका पारड्यावर हात ठेवून असतं.

मला दिसतं ते असं. प्रेमाने त्यांना त्या उंबरठ्यापर्यंत आणलं. उंबरठा कधी ओलांडायचा, ओलांडायचा की नाही, ही तारीख त्यांनी आपल्या हातात ठेवली आणि टिळकांनी ती त्यांच्या हातात राहू दिली. 'प्रेमासाठी बदलावं का' या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. पण तारीख कोण ठरवतंय, हे मात्र पाहता येतं. लग्नाआधी सहा महिन्यांत सोड, साखरपुड्याच्या आत ठरव, आईला भेटायच्या आधी शिक, असं जिथे असतं तिथे बदलाला मुदत लागलेली असते, आणि मुदतीत झालेला बदल बहुधा परीक्षेच्या अभ्यासासारखा असतो. पेपर झाला की विसरला.

बदल आपला झाला की नाही, हे ओळखायची एक कठोर कसोटी या प्रकरणात काळानेच लावून दिली. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. लक्ष्मीबाई १९३६ पर्यंत जगल्या. ज्याच्यासाठी बदलल्या असं लोक म्हणत, तो माणूस सतरा वर्षं नव्हता. त्या ख्रिस्तीच राहिल्या. एवढंच नाही, टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतलं होतं, त्याचे सुरुवातीचे अध्याय तेवढे लिहून झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याच्या समाधानासाठी स्वीकारलेल्या देवावर, नवरा गेल्यावर कोणी चौसष्ट अध्याय लिहीत नाही.

जे बदललं नाही

या प्रकरणाची ही बाजू सहसा कोणी पाहत नाही, आणि मला तीच जास्त खरी वाटते. दोघांनी धर्म बदलला. स्वभाव दोघांनीही बदलला नाही.

बाप्तिस्म्याने टिळकांचा राग धुतला गेला नाही. १९०४ साली त्यांना चर्चचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली, मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकातून त्यांचं लेखन नावारूपाला आलं, त्यांची भजनं चर्चमधून गायली जाऊ लागली. पण घरात ते तेच राहिले, तडकाफडकी, उधळे, क्षणात प्रेमळ. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचं नवं काम मांडलं. पुन्हा संसाराची घडी विस्कटली. १८९५ मध्ये जो माणूस आधी उडी मारून मग मागे वळून पाहत होता, तो बावीस वर्षांनीही तसाच होता. ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या कवितेतून अभंगाची चालही सुटली नाही. तुकोबांचा हात धरूनच ते ख्रिस्तापर्यंत आले होते आणि तो हात त्यांनी धरून ठेवला.

लक्ष्मीबाईही तशाच राहिल्या. बोलायला फटकळ, हसायला तयार, अडचणीतून वाट काढायला पक्क्या. पुढे त्या घरात पोरकी मुलं आली, बालकवी ठोंबरे येऊन राहिले, प्लेगच्या दिवसांत माणसं आली. सगळ्यांचं करताना त्या नवऱ्याच्या चुका जशाच्या तशा पाहत होत्या. आत्मकथनात त्या त्यांना 'टिळक' म्हणतात. 'हे' नाही, 'इकडून' नाही. त्या काळच्या बायकोच्या तोंडी आडनाव! त्यात आदर आहे, थोडं अंतर आहे, आणि या माणसाला मी पुरता ओळखून आहे असा एक सूरही आहे.

म्हणजे ज्या गोष्टी बदलतील म्हणून आपण जोडीदाराच्या मागे लागतो, वेळेवर ये, पैसे जपून वापर, आवाज चढवू नको, त्या या घरात चाळीस वर्षांत जागच्या हलल्या नाहीत. आणि जी गोष्ट मागायची कोणाची छाती होणार नाही ती बदलली. यावरून रागीट नवरा सोसावा असा अर्थ कोणी काढू नये. लक्ष्मीबाईंना सोडून जायचा पर्याय कागदावरच होता. आज तो आहे. अंगावर ओरडणाऱ्या, न सांगता घर सोडून जाणाऱ्या माणसाचं कौतुक करायला एकशे तीस वर्षांपूर्वीचा दाखला आधाराला घेऊ नये. त्यांचा विनोद वाचून आपण हसतो, पण त्या हसण्याची किंमत त्यांनी आधी भरली आहे.

आज हे प्रकरण कुठे बसतं

कायदा पुष्कळ पुढे आला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने दोन धर्मांच्या माणसांना कोणीही धर्म न बदलता लग्न करता येतं, तीस दिवसांची नोटीस देऊन. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने धर्म सोडला तर तो घटस्फोटाचा आधार आहे, पण तो आधार धर्मात राहिलेल्याला मिळतो, सोडून गेलेल्याला नाही. १८६६ च्या कायद्याच्या हे नेमकं उलट. तेव्हा ख्रिस्ती झालेले टिळक अर्ज करू शकत होते, आजच्या हिंदू विवाह कायद्याखाली लक्ष्मीबाई करू शकल्या असत्या.

घरातला व्यवहार मात्र इतका सरळ नाही. रजिस्टर लग्न होतं, धर्म कागदावर तसाच राहतो, आणि मग दोन चुलींचा प्रश्न रोज येतो. गणपतीत आरतीला उभं राहायचं का, फ्रिजमध्ये काय ठेवायचं, मुलाचं नाव काय, घरात भाषा कोणती. 'तुला काही बदलायची गरज नाही' असं लग्नाआधी सांगितलेलं असतं. ते खोटं नसतं. फक्त दुसऱ्याच्या न बदलण्याचा खर्च आपल्याला किती पडेल, शेजाऱ्यांपुढे, आईवडिलांपुढे, याचा अंदाज तेव्हा नसतो. टिळकांना तो अंदाज होता असं मी म्हणत नाही. बिल समोर आलं तेव्हा त्यांनी ते भरलं, एवढं दिसतं.

एक प्रश्न मला या प्रकरणात सुटलेला नाही. उलट घडलं असतं तर? १८९५ मध्ये लक्ष्मीबाईंनी आधी बाप्तिस्मा घेतला असता आणि टिळक हिंदू राहिले असते, तर त्यांनी पाच वर्षं वाट पाहिली असती का? बायकोसाठी दुसरी चूल मांडू दिली असती का? १८६६ चा कायदा बाईलाही अर्ज करू देत होता, पण मुलगा बापाकडे गेला असता, आणि तिला माहेरासकट सगळीकडची दारं बंद झाली असती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा महाराष्ट्र खवळला होता, आणि त्यांना तर नवराही राहिला नव्हता. टिळकांचा धीर खरा होता. तो धीर पुरुषाला परवडत होता, हेही खरं. बाईला धीर धरायची मुभा नसते, तिच्या बाबतीत तो धीर गृहीतच धरलेला असतो.

आणि दत्तूचं काय? त्याला कोणीच विचारलं नाही. मनूला नाव बदलताना विचारलं नव्हतं तसंच. वडील ख्रिस्ती होऊन वेगळे झाले तेव्हा तो आईकडे राहिला, आई नगरला गेली तेव्हा आईबरोबर गेला, आईच्या निर्णयाबरोबर त्याचंही जग बदललं. तोच पुढे देवदत्त नारायण टिळक. आईच्या मागे लागून त्याने तिच्याकडून आठवणी लिहून घेतल्या, छापायला नेल्या, आणि शेवटचा भाग पुरा व्हायच्या आत ती गेली तेव्हा उरलेलं त्यानेच लिहून पूर्ण केलं.